वेदना आणि समवेदना

शरीराची वेदना नाहीशी व्हावी अशी प्रार्थना ज्याने आयुष्यात एकदाही केली नाही, असा माणूस विरळा. दाढ ठणकू लागली की रात्र सरता सरत नाही. पायात काटा मोडला की सारे लक्ष त्या एका टाचेत गोळा होते. विळीवर बोट कापले की हातातले काम टाकून गृहिणी पाण्याकडे धावते. वेदना ही वैरीण आहे, ती जितक्या लवकर घराबाहेर जाईल तितके बरे, असेच आपण सारे धरून चालतो. परंतु ह्या जगात असाही एक रोग आहे की, वेदना होत नाही हेच त्याच्या रोग्याचे सर्वांत मोठे दुर्दैव ठरते. तो रोग म्हणजे कुष्ठरोग; आपल्या जुन्या बोलीत महारोग किंवा रक्तपिती.

ह्या रोगाचे नाव काढताच कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. कौटुंबिक साप्ताहिकात असला विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. पण दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव, म्हणजेच समवेदना, हा जो सद्गुण आपण आपल्या मुलाबाळांच्या ठायी रुजवू इच्छितो, त्याचे मर्म ह्या रोगाच्या इतिहासाइतके स्पष्टपणे मला अन्यत्र कोठेही आढळले नाही. म्हणून वाचकहो, थोडा धीर धरा आणि माझ्याबरोबर चला.

एका हस्तांदोलनाची गोष्ट

डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कोल्ली डोंगरात झाला. त्यांचे आईवडील तेथे मिशनरी म्हणून राहत होते. तरुणपणी त्यांनी प्रथम सुतारकाम व बांधकाम शिकून घेतले, नंतर लंडनमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले, आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. पुढल्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी प्रथमच आखडलेल्या बोटांचे, झडलेल्या पंजांचे रुग्ण जवळून पाहिले. त्या काळी सर्वसामान्यांचाच नव्हे, तर पुष्कळ डॉक्टरांचाही असा समज होता की, हा रोग माणसाचे मांस खातो, बोटे कुजवून पाडतो, आणि त्यावर इलाज चालत नाही.

एका रुग्णाचा हात पक्ष्याच्या पंजासारखा आखडला होता. ब्रँड ह्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि त्याला म्हटले, दाब पाहू. त्या माणसाने असा काही दाब दिला की डॉक्टरांच्या तळव्यात त्याची नखे रुतली आणि ते कळवळले! त्या कळेतूनच त्यांना उमगले की हा हात मेलेला नाही. त्यातले काही स्नायू लुळे पडले आहेत, पण काही अजून बलवान आहेत. ह्या बलवान स्नायूंच्या दोऱ्या लुळ्या बोटांकडे वळवून जोडल्या, तर हात पुन्हा उघडेल व मिटेल. पुढे वेल्लोर येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शस्त्रक्रिया करून कित्येकांना हाताने जेवण्यास, लिहिण्यास, हत्यार धरण्यास समर्थ केले. एवढ्या मोठ्या शोधाचा आरंभ कशाने झाला? ज्या हाताला कोणी शिवत नव्हते, तो हात हातात घेण्याने.

पण मग बोटे झडतात ती कशाने? ब्रँड ह्यांनी एकेका जखमेचा माग काढला. एकदा एक गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. जवळ उभ्या असलेल्या एका रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली झटक्यात फिरवली. डॉक्टर त्याच्या ताकदीचे नवल करीत असतानाच जमिनीवर रक्ताचे थेंब पडलेले दिसले. किल्लीच्या धारेने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! कोणी चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवीत असे, कोणी पायात खिळा रुतलेला असताना दिवसभर चालत असे. काही रुग्णांची बोटे रात्रीतून तुटकी होत. पहारा ठेवला तेव्हा दिसले की झोपेत उंदीर ती कुरतडतात आणि रुग्णाला जाग येत नाही. तेव्हा रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली!

निष्कर्ष साधा होता, पण त्याने साऱ्या जगाची समजूत बदलली. कुष्ठरोगाचे जंतू मांस खात नाहीत. ते त्वचेवर आणि हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करून माणसाची संवेदना मारतात. पुढचा नाश करते ती रोजची चूल, रोजची वाट, रोजचे हत्यार. जो घाव तुम्हाआम्हांला जागच्या जागी सावध करतो, तो त्या बिचाऱ्याला सावध करीत नाही, म्हणून त्याच घावावर दुसरा घाव बसतो.

ब्रँड ह्यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एकदा लांबच्या प्रवासानंतर ते थकून लंडनला मुक्कामी पोचले. पायमोजे काढताना त्यांना वाटले की एका टाचेला काही जाणवत नाही. सुईने टोचून पाहिले, तरी कळ नाही. आपल्यालाही हा रोग जडला, ह्या विचाराने त्यांनी सारी रात्र तळमळत काढली. सकाळी उठून पुन्हा सुई टोचली, तो काय, कळ मस्तकात गेली! रात्रीची बधिरता प्रवासात एकाच जागी बसल्यामुळे आलेली होती. त्या क्षणी त्यांनी वेदनेबद्दल परमेश्वराचे आभार मानले. सुईच्या टोचणीबद्दल देवाचे आभार मानणारा माणूस आपण क्वचितच पाहिला असेल. पण ज्याने वेदनेवाचून जगणाऱ्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले, त्याला ती टोचणी आशीर्वादासारखीच वाटणार.

समाजाचे मज्जातंतू

आता देहाकडून समाजाकडे वळू या. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने श्रद्धावंतांच्या समुदायाला देहाची उपमा दिली आहे, हे आपण सर्वांनी मिस्साच्या वाचनांतून ऐकलेले आहे. ती उपमा घेऊन मी विचारतो, ह्या देहाचे मज्जातंतू कोणते? माझ्या मते समवेदना हेच ते मज्जातंतू होत. शेजारच्या घरात चूल पेटली नाही ह्याची कळ माझ्या घरात पोचते, तोवर गाव निरोगी आहे. ती कळ पोचेनाशी झाली की बाहेरून सारे ठाकठीक दिसते. मंदिराला रंग दिलेला असतो, सणाला बँड वाजतो, नवी घरे उठतात. पण आतून एकेक बोट झडू लागलेले असते, आणि आपणांस जाग येत नाही.

ही बधिरता एका दिवसात येत नाही. कुष्ठरोगाचा आरंभ बहुधा एका लहानशा चट्ट्याने होतो. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. मनाचेही तसेच आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो. कोणी ठेवला, कधी ठेवला, हे घरातल्या कोणालाच आठवत नाही. पण तो तेथे आहे, आणि लहान मुले तो रोज पाहत आहेत. म्हाताऱ्या आजीला जाता जाता “जेवलीस का?” असे विचारले जाते, पण उत्तर ऐकण्यास कोणी थांबत नाही. विधवा जाऊबाई लग्नघरी मागच्या मागे राबत असते, आणि फोटोच्या वेळी तिला हाक मारावयाचे राहून जाते. शेजारच्या मुलाची नोकरी गेली, त्यावर चावडीवर विनोद होतात आणि आपणही हसतो. ह्यांपैकी कशानेही आपणांस दुखत नाही. आणि दुखत नाही, हीच तर भयाची खूण!

आपण ख्रिस्ती म्हणविणारी घरे ह्याला अपवाद आहेत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी दोन कुटुंबे सोयरिकीच्या वेळी एकमेकांची जात पाहतात, हे आपणांस ठाऊक आहे. कोनाड्यातला कप आपल्याही कित्येक पडव्यांत आहे.

मनाची बधिरता किती काळ टिकते, ह्याचे उदाहरण कायद्याच्या पुस्तकांतही सापडते. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्यान्वये निर्धन कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. तो कायदा रद्द झाला २०१६ साली. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, आणि विवाहविषयक इतर कायद्यांतही, जोडीदाराचा कुष्ठरोग हे काडीमोडीचे एक कारण म्हणून नमूद होते. ते वगळले गेले २०१९ साली. आणि हा रोग पूर्ण बरा करणाऱ्या बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केव्हा केली होती? १९८१ साली! म्हणजे औषध हाती आल्यावरही अडतीस वर्षे कायदा जुन्या भीतीला धरून बसला होता. कायदे अखेर बदलले. मने बदलली की नाही, हे आपापल्या गावात पाहावे.

जे परत फिरले

मग ही बधिरता जाते कशी? त्यासाठी दोन माणसांकडे पाहू.

पहिले संत डेमियन. बेल्जियममधील त्रेमेलो गावच्या शेतकरी कुटुंबात १८४० साली जन्मलेला हा धर्मगुरू १८७३ च्या मे महिन्यात हवाई बेटांपैकी मोलोकाई येथे गेला. तेथील एका एकाकी द्वीपकल्पावर सरकार कुष्ठरोग्यांना कायमचे नेऊन सोडीत असे. योगायोग असा की, त्याच १८७३ साली नॉर्वेमध्ये डॉ. हान्सेन ह्यांनी ह्या रोगाचा जंतू शोधून काढला. एकाने रोगाचे कारण पाहिले, दुसऱ्याने रोग्याचे तोंड पाहिले. जगाला दोघांचीही गरज होती. डेमियनने तेथे घरे बांधली, पाणी आणले, मृतांसाठी शवपेट्या केल्या, आणि रुग्णांच्या पंक्तीस बसून त्यांच्याच पात्रातले अन्न खाल्ले. १८८४ च्या सुमारास गरम पाण्याने त्याचा पाय पोळला, पण त्याला काहीच जाणवले नाही. त्या न झालेल्या वेदनेनेच त्याला आपल्या रोगाची वार्ता दिली. १५ एप्रिल १८८९ रोजी तो मरण पावला. २००९ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले.

परंतु डेमियनची कथा अर्धीच सांगू नये. त्याच्या मृत्यूपूर्वी, १८८८ साली, तेथे आलेल्या संत मारियान कोप ह्या धर्मभगिनीने पुढे तीस वर्षे त्याच रुग्णांची सेवा केली. १९१८ साली तिने देह ठेवला, आणि ह्या रोगाने तिला अखेरपर्यंत स्पर्श केला नाही. आज विज्ञान सांगते की शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी ह्या रोगाला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. आपली भीती रोगापेक्षा नेहमीच मोठी होती.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे ह्यांचा जन्म १९१४ साली, म्हणजे डॉ. ब्रँड जन्मले त्याच वर्षी, हिंगणघाटला एका सधन जमीनदार घराण्यात झाला. वरोऱ्याला वकिली करीत असताना त्यांनी सफाई कामगारांची बाजू घेतली आणि त्यांचे जिणे कसे असते हे कळावे म्हणून स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर वाहिली. अंगात धाडस इतके की गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हणून गौरविले होते. असा हा माणूस एके पावसाळी रात्री घरी परतत असता वाटेवर गटारालगत त्याला एक कुष्ठरोगी पडलेला दिसला. हातापायांची बोटे गेलेली, जखमांत किडे पडलेले. आणि हा अभयसाधक तेथून पळाला!

पण गोष्ट येथे संपली नाही, म्हणूनच ती सांगावयाची. त्या पळण्याने त्यांना स्वस्थता लाभू दिली नाही. जेथे भीती आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. ते परत गेले. त्या माणसाला पावसापासून आडोसा केला, त्याला भरविले, त्याची सेवा केली. आपण हे काम कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर आपली स्वतःची भीती जिंकण्यासाठी हाती घेतले, असे ते पुढे सांगत असत. त्यांनी कोलकात्यास जाऊन ह्या रोगाचे शिक्षण घेतले, आणि संशोधनासाठी आपल्या शरीरात जंतू टोचून घेण्यासही मान्यता दिली.

वाचकहो, ह्या प्रसंगात मोठेपण कोठे आहे? पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत ते तुमच्याआमच्यासारखेच वागले. मोठेपण आहे ते दुसऱ्या भेटीत. आपणांस वाटते की दयाळू माणसाला भीती नसते, किळस नसते, कंटाळा नसतो. तसे नाही. ही सारी त्यालाही असतातच. फक्त तो पळून गेलेल्या जागी परत येतो. आणि परत येणे हे कोणत्याही खेडुताच्या, कोणत्याही गृहिणीच्या, कोणत्याही शाळकरी मुलाच्या आवाक्यातले आहे.

भीक नव्हे, हाताला काम

१९५१ साली बाबा व साधनाताई आपल्या दोन लहान मुलांसह आणि सहा रुग्णांसह वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचूसापांनी भरलेल्या माळावर राहावयास गेले. त्या माळाचे नाव त्यांनी ठेवले आनंदवन. विहीर खणली, भाजीपाला पिकविला. पण भाजी वरोऱ्याच्या बाजारी नेली तर ती कोणी घेईना. पुढे परदेशांतून काही तरुण स्वयंसेवक आले आणि रुग्णांच्या सोबत राहून, त्यांच्याबरोबर खाऊनपिऊन इमारती उभारू लागले. ते पाहून शहरवासीयांची भीती हळूहळू ओसरली. १९६४ साली आनंदवनातच महाविद्यालय निघाले, आणि ज्या वाटेला लोक फिरकत नसत त्या वाटेने निरोगी घरांतील मुलेमुली शिकावयास येऊ लागली.

बाबांचा आग्रह एकच होता. दान माणसाला दुबळे करते, श्रम त्याला उभे करतो. ह्या रुग्णांनी शेते पिकविली, माग चालविले, सुतारकाम व लोहारकाम केले, आणि पुढे अंधांना व अपंगांना आपल्यात सामावून घेतले. ज्यांना जगाने घेणारे हात म्हणून नाकारले होते, ते देणारे हात झाले.

ह्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. दया वरून खाली पाहते; समवेदना समोरासमोर बसते. रविवारी भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणे टाकणे सोपे आहे. त्याहून कठीण काम म्हणजे आपल्या शेतावर राबणाऱ्याची मजुरी ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, त्याला दोनदा यावयास न लावता देणे. पण त्याच्या घरातल्या मुलांना शाळेत जाता येते ते ह्या दुसऱ्या गोष्टीने, नाण्याने नव्हे.

बाहेरची घंटा आणि आतली कळ

डॉ. ब्रँड १९६६ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी एक अजब प्रयोग केला. रुग्णांना वेदना होत नाही ना, मग यंत्राने ती देऊ! हातमोज्यांत व पायमोज्यांत दाब ओळखणारी बारीक यंत्रे बसविली. हातावर धोक्याइतका भार पडला की कानाशी घंटी वाजावी. पण पुष्कळ रुग्ण घंटीकडे लक्षच देईनात. मग घंटीच्या जागी विजेचा सौम्य धक्का देऊन पाहिला. तेव्हा कठीण काम करावयाचे असले की रुग्ण आधी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि पुन्हा चालू करीत! अखेर तो प्रयोग सोडून द्यावा लागला. ब्रँड ह्यांना पटले की, वेदनेचे सामर्थ्य ती आपली स्वतःची असते आणि आपणांस बंद करता येत नाही, ह्यातच आहे.

ही हकीकत वाचून मला हसू आले आणि मी गंभीरही झालो. कारण आम्हां धर्मगुरूंची प्रवचने म्हणजे तरी काय? बाहेरची घंटी! रविवारी वाजते, काहींच्या कानी पडते, काही जण ती वाजण्यापूर्वीच बाहेर आंब्याखाली जाऊन उभे राहतात. समवेदना प्रवचनाने येत नाही. ती आतून जागी व्हावी लागते, आणि रोजच्या लहान कृतींनीच ती जागी राहते. गांधीजींनी सेवाग्रामला परचुरे शास्त्री ह्या कुष्ठपीडित विद्वानाला आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालीश केले. देशाच्या राजकारणाची धामधूम चालू असतानाही तेवढ्यासाठी त्यांना सवड होती. आपणांस नसते, असे कसे म्हणावे?

म्हणून घराघरांसाठी काही साध्या गोष्टी सुचवितो. कोनाड्यातला वेगळा कप आजच उतरवून सर्वांच्या कपांत मिसळून टाका. त्यावर भाषण नको. मुले पाहतील आणि समजतील. कोणी दुःख सांगू लागले की लगेच आपले दुःख त्यावर चढवू नका, आणि “होईल सारे ठीक” म्हणून त्याचे बोलणे मिटवूही नका. खाली बसा, ऐका, आणि पुढे काय झाले एवढेच विचारा. महारोगी, लंगडा, आंधळा हे शब्द शिवी म्हणून उच्चारू नका. ज्याच्या घरी ते दुःख आहे तो ते ऐकत असतो. आणि संध्याकाळची प्रार्थना झाली की घरातल्या प्रत्येकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: आज मी कोणाला टाळून पुढे गेलो? नाव आठवले तर उद्या तेथे परत जावे. एवढेच. दहा संकल्प करून मोडण्यापेक्षा ही एक दुसरी भेट अधिक मोलाची आहे.

एक चट्टा आणि एक घर

हे सारे वाचून कोणी म्हणेल, फादर, पण आता हा रोग राहिला कोठे? भारतातून ह्या रोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने उच्चाटन झाले, असे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, हे खरे. पण त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. २०२३ साली जगात जे नवे रुग्ण आढळले त्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशातले होते, आणि त्यांची संख्या एक लाखाच्या वर होती. तो आपल्या तालुक्यात, आपल्या वाडीत नसेलच असे कोणी सांगावे?

समजा, एखाद्या घरी आईच्या पाठीवर फिकट किंवा लालसर चट्टा उठला. खाज नाही, दुखणे नाही, पण तेथे पिसाने स्पर्श केला तर कळत नाही. त्याच वर्षी थोरल्या मुलीचे लग्न ठरले आहे. घरात कुजबुज होते: लग्न पार पडेपर्यंत बोलू नका, सोयरीक मोडेल. लग्न होते. मग धाकटीचे बघावयाचे असते. दोन वर्षे जातात आणि एके दिवशी आईच्या हाताची करंगळी सरळ होईनाशी होते. ती आई कोणी बळी घेतली? जंतूने? तो तर सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने मेला असता, आणि ते औषध सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. बळी घेतली ती आपल्या जिभेने, आपल्या कुजबुजीच्या धाकाने. ती बाई रोगाला भ्याली नव्हती, ती आपल्याला भ्याली होती.

म्हणून हे स्पष्ट ध्यानी ठेवा. न जाणवणारा, न खाजणारा चट्टा दिसला, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर विनाविलंब आरोग्य केंद्रात दाखवावे. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कोडाचे डाग पांढरे असतात, पण तेथे स्पर्श कळतो, आणि कोड एकाचे दुसऱ्याला होतही नाही. कुष्ठरोगावर औषध सुरू झाले की थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय संपते. त्याने घरातच राहावे, सर्वांबरोबर जेवावे, मुलांना कडेवर घ्यावे, मिस्साला यावे, शांतीच्या वेळी त्याच्याशी हात मिळवावा. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला दुरून शब्दानेही बरे केले असते. तरी त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हे शुभवर्तमानकारांनी मुद्दाम नमूद करून ठेवले आहे.

वेल्लोरला डॉ. ब्रँड एका तरुण रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून उपचार समजावून सांगत होते. तो एकाएकी रडू लागला. आपले काही चुकले का, असे त्यांनी दुभाषी बाईंना विचारले. बाईंनी त्याच्याशी बोलून सांगितले, तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणून तो रडतो आहे. कित्येक वर्षांत त्याला कोणी शिवले नव्हते.

रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. अशा माणसाने रोज रात्री आपले तळवे व तळपाय दिव्याजवळ तपासावेत, फोड, चीर, काटा आहे का ते पाहावे, पाय पाण्यात भिजवून तेल लावावे, असे डॉक्टर सांगतात. पण स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही. घरच्याने तो हातात घेऊन पाहावा लागतो. पवित्र गुरुवारी मंदिरात पाय धुण्याचा विधी आपण वर्षातून एकदा पाहतो. ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे तो विधी रोज रात्री होऊ शकतो. मुलगा बापाचा पाय मांडीवर घेतो, दिवा जवळ सरकवितो आणि बोट फिरवून पाहतो. बापाला काही कळत नाही. जे कळावयाचे ते त्याच्याऐवजी मुलाला कळते. समवेदना ह्या शब्दाचा ह्याहून निराळा अर्थ मला ठाऊक नाही.